डग्गा कोठें गेला?

जुन्या घराला नवी खिडकी पाडावयाची म्हटली म्हणजे भिंतीपेक्षां घरांतल्या माणसांचींच मनें अधिक हादरतात. आमच्या घरीं असा प्रसंग खिडकीवरून आला नाहीं. तो आला वडिलांच्या जुन्या मोटारींत दोन नवे स्पीकर बसविण्यावरून.

ही मोटार म्हणजे १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार झाली. मूळची ही इटलीची फियाट. पद्मिनी हें नांव तिला १९७४ पासून लाभलें. त्या काळीं गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि आमच्या वडिलांनींहि ती पाहिली होती. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत निवृत्त झाली, तेव्हां वडिलांना जाऊन एक वर्ष झालें होतें आणि आमची गाडी अंगणांत ताडपत्रीखालीं उभी होती.

त्या ताडपत्रीखालीं आणखीहि कांहीं झांकलेलें होतें. गाडी विकून टाकावी असें माझें मत. माझे थोरले बंधु दादा यांना तो विचारहि पातक वाटे. "बाबांची गाडी विकायला तुझें मन कसें होतें?" असें ते म्हणाले. "आणि ती गंजूं द्यायला तुमचें?" असें मीं विचारलें. एवढींच दोन वाक्यें. पण त्यानंतर एका पंक्तीला जेवणारे आम्ही दोघे भाऊ वर्षभर कामापुरतेंच बोलत होतों. एकत्र कुटुंबांत अबोला पाळणें फार सोपें असतें. मधें इतकीं माणसें असतात कीं निरोप पोंचविण्यास अडचण अशी पडतच नाहीं.

ही कोंडी फोडली आईनें. तिचें वय एक्याऐंशी. एके दिवशीं जेवतांना ती म्हणाली, "एकदां त्याच गाडींतून मला आळंदीला नेऊन आणा. आणि वाटेंत ह्यांच्या आवडीचे अभंग लावा, भीमसेनांचे."

आतां आली पंचाईत. गाडींत पुढच्या बाजूस एकच जुना स्पीकर होता. मागच्या बाकावर बसणाऱ्यास इंजिनाच्या घरघरीपलीकडे त्यांतलें कांहीं ऐकूं येत नसे. त्यांतून आईला हल्लीं कमी ऐकूं येतें. तेव्हां मागें नवे स्पीकर हवेत, एवढ्यावर आमचें दोघांचें (अर्थात् तिसऱ्याच्या मध्यस्थीनें) एकमत झालें. दुकानदार म्हणाला, "मागच्या फळीला सहा इंच रुंद आणि नऊ इंच लांब अशीं दोन अंडाकार भोंकें पाडूं. अर्ध्या तासाचें काम." दादांनीं तेथल्या तेथें बजावलें, "बाबांच्या गाडीला करवत लागणार नाहीं."

मला राग आला. पण त्या रात्रीं दादांनीं जी युक्ति काढली तिला नांवें ठेवण्याची सोय नव्हती. मूळ फळी जपून काढावयाची, त्याच मापाची नवी प्लायवूडची फळी सुताराकडून करून घ्यावयाची, आणि भोंकें त्या नव्या फळीला पाडावयाचीं. जुन्या वस्तूंत जो फेरफार करावयाचा तो पुन्हां उलगडतां येईल असाच करावा, हें शहाणपण मला तेव्हां समजलें. जुना रेडिओ होता तेथेंच राहिला. फोनवरील गाणें स्पीकरपर्यंत पोंचविणारा छोटा अँप्लिफायर पुढच्या बाकाखालीं गेला. जुन्या तारांवर नवा भार नको म्हणून त्याची तार थेट बॅटरीपासून आणली, आणि बॅटरीजवळच तिला फ्यूज बसविला. चालत्या गाडींत तारेचें वेष्टण घासून ती पत्र्याला टेकलीच, तर आग लागण्यापूर्वीं फ्यूज वितळावा, हा हेतु.

फळी घट्ट बसविण्यांतहि एक मर्म आहे. स्पीकरचा पडदा पुढें सरला कीं समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं पाठीमागची विरळ होते. या दोन लहरी एकमेकींत मिसळल्या तर खर्जाचे स्वर परस्परांना गिळून टाकतात. म्हणून मागची लहर डिकींत कोंडून ठेवावयाची. फट म्हणून राहूं द्यावयाची नाहीं.

सकाळीं दादांनीं अँप्लिफायरकडील टोकें जोडलीं आणि डावा स्पीकर बसविला. संध्याकाळीं मीं उजवा बसविला. प्रत्येक स्पीकरला धन आणि ऋण अशीं दोन टोकें असतात, आणि जोडतारेंतील एका तारेवर ओळखीसाठीं रेघ असते. दादांनीं रेघेची तार धन मानली होती. मीं ती ऋण मानली. विचारावयाचें तर तोंड उघडावें लागलें असतें.

रात्रीं आईला मागच्या बाकावर बसवून आम्हीं अभंग लावला. आवाज खणखणीत आला. आईनें मिनिटभर ऐकलें आणि म्हणाली, "आवाज मोठा आहे रे, पण डग्गा कोठें गेला? चाटीच तेवढी वाजते आहे."

मीं डाव्या स्पीकरला दोष दिला, दादांनीं उजव्याला. वर्षभरांत आम्ही इतकें बोललों नव्हतों. शेवटीं दादांची धाकटी मुलगी भिंतीवरच्या घड्याळांतला दीड व्होल्टचा सेल घेऊन आली. अँप्लिफायरकडील टोकें सोडवून, रेघेची तार सेलच्या धन बाजूस लावून तिनें एकेक स्पीकर तपासला. डाव्याचा पडदा किंचित् बाहेर उसळला; उजव्याचा आंत गेला. ती म्हणाली, "काका, दोन्ही स्पीकर चांगले आहेत. पण एक हवा पुढें ढकलतो तेव्हां दुसरा मागें ओढतो. बारीक स्वर त्यांतूनहि निभावतात. खर्ज मात्र नाहींसा होतो."

चूक माझ्या बाजूची होती. मीं डिकींत शिरून उजव्या स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल केली. बाहेर आल्यावर म्हणालों, "दादा, रेघेची तार कोणती धरली, हें मीं तुम्हांला विचारायला हवें होतें."

"मींहि सांगायला हवें होतें," दादा म्हणाले.

पुन्हां अभंग लावला. या वेळीं डग्ग्याची घुमक बाकाच्या पाठींतून थेट पाठीला जाणवली. आई कांहीं बोलली नाहीं. तिचीं बोटें मात्र मांडीवर ठेका धरूं लागलीं.

पुढच्या एकादशीला आम्ही विश्रांतवाडी-दिघीच्या रस्त्यानें आळंदीस गेलों. गाडी दादांनीं चालविली; मी शेजारीं बसलों. इंद्रायणीचा पूल येईपर्यंत आईनें दोनदां आवाज कमी करावयास सांगितलें.

गाडी विकण्याचा विषय संपला आहे असें नाहीं. नोंदणीच्या पुढच्या नूतनीकरणाच्या वेळीं तो निघेलच. दादांचें मत अजून कायम आहे आणि माझेंहि. पण आतां आम्ही तें एकमेकांना सांगतों. मूळ फळी वडिलांच्या जुन्या धोतरांत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे.