वर २००० मीटर



स्वित्झर्लंडहून आल्यापासून स्थानकात कोणी ना कोणी विचारतंच, "बर्फातले फोटो दाखव ना!" बर्फातले फोटो ह्यांचे आहेत. माझा एकही नाही. आणि मी डोंगराच्या कड्यावरून पळत जाऊन हवेत झेप घेतली, हे सांगितलं की आधी सगळ्या हसतात आणि मग म्हणतात, "म्हणजे बर्फावर जायला भीती वाटली आणि हवेत नाही?" प्रत्येकीला वेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

गोष्ट सुरू होते पाच वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात. लेकीचं लग्न ठरलं होतं, जावई झुरिकला नोकरीला. घर रिकामं होणार म्हणून मन आधीच हळवं झालेलं. महासतीजींच्या प्रवचनात बारा व्रतांचा विषय चालू होता आणि मी ठरवलं, आता घ्यायची. वही केली. पाच अणुव्रतं लिहून झाली आणि सहाव्या दिशा परिमाण व्रताशी आले. चारही बाजूंची हद्द मी भरपूर मोठी ठेवली, अकोल्यापासून ८००० किलोमीटर, कारण डोळ्यांसमोर लेकीचं घर होतं. खाली १०० मीटर. मग महासतीजींनी विचारलं, "और ऊपर?"

मी हसलेच. वर कुठे जाणार मी? आमच्या अकोले तालुक्यात राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, कळसूबाई, १६४६ मीटर. बत्तीस वर्षं या गावात संसार केला, पण त्याच्या पहिल्या पायरीलासुद्धा पाय लावला नव्हता. मला उंचीची भीती. गच्चीवर पापड वाळत घालतानाही मी कठड्यापासून हातभर लांब. म्हणून मोठ्या उदारपणे लिहिलं: समुद्रसपाटीपासून २००० मीटर, विमान प्रवासाचा आगार. खाली सही.

ह्यांनी व्रतं घेतलेली नाहीत. "तू घे, मी सोबत आहे," एवढंच त्यांचं म्हणणं असतं. आणि ते सोबत असतात, हे खरंय. चौविहाराला दुकानातून वेळेवर घरी येतात, मी आयंबिल केलं तर स्वतःही साधंच जेवतात.

मुलाने दुकान हातात घेतल्यावर ह्यांना एकदम डोंगरांचं वेड लागलं. लेकीकडे जायचं ठरल्यावर तर फारच. "तिकडे जाऊन हॉटेलात बसायचं नाही, चालायचं," म्हणाले आणि जानेवारीत मला बारी गावातून कळसूबाईवर घेऊन गेले. त्या लोखंडी शिड्या तुमच्यापैकी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना कळेल. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर माझे हात दांड्याला चिकटले. वर जाववेना, खाली उतरवेना. मागे कॉलेजची पोरं ताटकळलेली. हे खालच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "मी आहे खाली. नवकार म्हण आणि एकेक पाय टाक." शिखरावर पोचायला मला चार तास लागले. वरच्या छोट्या देवळापाशी बसून भंडारदऱ्याचं पाणी पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा वाटलं की या गावात मी राहते खरी, पण गाव पाहिलेलं नाही. मार्चपर्यंत रतनगड झाला, त्याच्या नेढ्यात बसून खाकरे खाल्ले. भीती गेली नाही, पण तिची सवय झाली.

जूनमध्ये झुरिकला पोचलो. चातुर्मासाच्या आत परत यायचं होतं. तिसऱ्या दिवशी जावयांनी तिकिटं टेबलावर ठेवली. युंगफ्राउयोख! आगगाडीने थेट बर्फात, १९१२ सालापासून चालणारी गाडी, शेवटचा बराच भाग डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून. ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. सिनेमात बर्फ पाहून तीस वर्षं ज्या माणसाने "एकदा तुला तिथे नेईन" म्हटलं, तो माणूस. मी माहितीपत्रक उचललं. वरच्या स्थानकाची उंची: ३४५४ मीटर.

पोटात गोळा आला. वहीतला आकडा नक्की आठवेना. दोन हजार की चार हजार? रोज प्रतिक्रमणात आपण या व्रताचे अतिचार म्हणतो, त्यात ठरवलेली मर्यादा विसरणं हाही एक दोषच आहे. तोंडाने म्हणत असतो, पण मर्यादा कधी खरोखर आडवी येत नाही म्हणून अर्थ मनात उतरत नाही. सूनबाईला फोन केला, "कपाटातली निळी वही काढ, सहाव्या व्रताच्या पानाचा फोटो पाठव." फोटो आला. माझंच अक्षर. २०००.

मग घरात जे सुरू झालं ते सांगते. लेक म्हणाली, "मम्मी, समुद्रसपाटीपासून की अकोल्यापासून? अकोलं काही समुद्रकाठी नाही, तिथून मोजलंस तर पाचेकशे मीटर वाढवून मिळतील." वहीत समुद्रसपाटी स्पष्ट लिहिलेली. जावई म्हणाले, "मग अर्ध्या वाटेवरच्या क्लायने शाइडेगपर्यंत तरी या. तिथूनही हिमनद्या समोर दिसतात. २०६१ मीटर आहे, फक्त ६१ मीटरचा प्रश्न." हे म्हणाले, "बाजूची हद्द ८००० किलोमीटर ठेवलीस, त्यातली थोडी वर वळव." गंमतीत म्हणाले, पण तोच तर क्षेत्रवृद्धीचा अतिचार! एका दिशेचं कमी करून दुसरीकडे वाढवता येत नाही. ज्याने हे लिहून ठेवलं त्याला आमच्यासारखे हिशेबी लोक चांगले ठाऊक होते.

मी नाही म्हटलं. हे काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी ते ताटावर दोन घास खाऊन उठले.

रात्री मी जागी होते. मला स्वतःचाच राग आला होता. व्रताचा नाही, तर ते घेताना जो विचार केला नाही त्याचा. वर कुठे जाणार मी, असं हसून मी स्वतःचीच उंची ठरवून टाकली होती. बाजूला लेकीसाठी ८००० किलोमीटर आणि वर, जिथे फक्त मी आणि हे जाणार होतो, तिथे कळसूबाईच्या थोडं वर. पण घेतलं ते घेतलं. मग एक ठरवलं: या २००० मीटरमध्ये जे आहे त्यातलं भीतीपोटी काही सोडायचं नाही.

इंटरलाकेनला गेल्यावर ह्यांच्या यादीत दोन गोष्टी होत्या, पॅराग्लायडिंग आणि कॅन्यनिंग. कॅन्यनिंग म्हणजे अरुंद घळीतून, धबधब्यांतून उड्या मारत खाली यायचं. त्याला मी आणि जावयांनी मिळून नकार दिला. माझं कारण पाण्याच्या जीवांचं. जावयांचं कारण निराळं: इंटरलाकेनजवळच्याच साक्सेटबाखच्या घळीत २७ जुलै १९९९ ला वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला, पाण्याचा लोंढा आला आणि २१ माणसं गेली. आपल्या साम्रदच्या सांदण दरीत पावसाळ्यात का उतरू नये, ते ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हेही लगेच गप्प झाले.

राहिलं पॅराग्लायडिंग. उड्डाणाची जागा बेआटेनबर्ग गावाच्या वर, साधारण १३०० मीटर. कळसूबाईपेक्षाही कमी! मी म्हटलं, "माझंही नाव घाला." ह्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "आणि हवेत वर गेलीस तर? विमानाचा आगार आहेच म्हणा." मी म्हटलं, इंजिन नाही, खिडकी नाही, त्याला विमान कसं म्हणू? आगार ओढूनताणून वापरायचा नाही.

लेकीने पायलटला समजावून सांगितलं की आईचा धार्मिक नियम आहे, २००० मीटरच्या वर न्यायचं नाही. मला वाटलं हसेल. तो तरुण मुलगा गंभीरपणे "ओके" म्हणाला आणि दोरीजवळचं छोटं यंत्र दाखवलं, त्यावर उंचीचा आकडा सतत दिसतो. पंजाबी ड्रेस, कापडी बूट, वरून पट्टे. त्याने एकच सूचना दिली: पळायचं, बसायचं नाही, खाली बघायचं नाही. नेमकं हेच अवघड. चालताना चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचं, असं लहानपणापासून अंगात मुरलेलं, आणि पायाखाली गवत. पळण्याआधीच मनात मिच्छामि दुक्कडम म्हटलं. पाच-सात पावलं पळाले असेन, आठवं पाऊल जमिनीला लागलंच नाही.

मैत्रिणींनो, आवाज नसतो. मला वाटलं होतं पाळण्यासारखं पोटात खड्डा पडेल. तसं काही नाही. एका बाजूला थूनचं तळं, दुसरीकडे ब्रिएन्झचं, मधे काडेपेट्यांसारखं गाव आणि समोर पांढरी शिखरं, आयगर, म्योंख, युंगफ्राउ. यंत्र टीटी वाजायला लागलं. गरम हवेचा झोत मिळाला की असं वाजतं आणि आपण वर चढतो. पायलटने खुणेनं विचारलं, आणखी वर? आकडा १५८० होता. मी बोटाने थोडं वर दाखवलं. १६४६ च्या पुढे गेलो तेव्हा मला हसू आलं. १७०० ला मी हाताने "बस" केलं आणि त्याने हळूच छत्री वळवली. गावाच्या मधोमध ह्योहेमाटे नावाचं मोठं हिरवं मैदान आहे, १४ हेक्टरचं. १८६४ साली तिथल्या हॉटेलवाल्यांनी आणि गावकऱ्यांनी करार करून ठेवलाय की तिथे कधी बांधायचं नाही. तिथे उतरलो. हे आधीच उतरून उभे होते. त्यांनी माझं हेल्मेट काढलं आणि काही न बोलता माझे विस्कटलेले केस नीट केले.

खाण्यापिण्याचं थोडक्यात, कारण तेही सगळ्या विचारतात. खाकरे, मेथीचे थेपले, मुगाची डाळ, तांदूळ नेले होते. तिकडच्या नावाजलेल्या चीजपासून लांब राहा. ग्रुयेरसारखी चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने गोठवतात. पाणी रोज उकळून थर्मासमध्ये. सूर्यास्त मोबाईलमध्ये साडेनऊच्या सुमाराला दाखवतो, त्यामुळे सासूबाईंना फोनवर वाटायचं ही दोघं रात्रीच जेवतायत. पण मी मोबाईलवर गेले नाही. डोंगराआड सूर्य गेला की पचक्खाण.

दुसऱ्या दिवशी वेंगेनला. १२७४ मीटर, गाड्यांना बंदी असलेलं गाव, वर जायला दातेरी रुळांची गाडी. खालच्या लाउटरब्रुनेनमध्ये श्टाउबबाख धबधबा पाहिला, जवळजवळ ३०० मीटर उंचीचा. आपला रंधा त्याच्यापुढे बुटका, पण पाणी म्हणाल तर श्रावणातल्या रंध्यापुढे तो म्हणजे वाळत घातलेली ओढणी. हे माझं मत, अकोल्याच्या सुनेचं.

हे आणि जावई सकाळच्या गाडीने वर गेले. निघताना हे म्हणाले, "नाही गेलो तरी चालेल." मी म्हटलं, "जा. तुम्ही कुठे वही लिहिलीय?" लेक आणि मी दिवसभर कुरणांच्या कडेकडेच्या वाटेने चाललो. तिकडच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, किती वेळ लागेल ते लिहिलेलं असतं. पाटीवरच्या चाळीस मिनिटांना मला सव्वा तास लागायचा. समोर युंगफ्राउ दिसत होता, ४१५८ मीटर, आणि त्याच्या खांद्याजवळ कुठेतरी माझा माणूस. खोटं का सांगू, दोनदा डोळे भरून आले.

संध्याकाळी खोलीच्या गॅलरीत आसन टाकून सामायिक घेतली. अर्धी झाली असेल, तोच हे आले. नाक लाल, श्वास लागलेला. स्टेशनपासून पळत आले होते. हातात माझा थर्मास. झाकण उघडून माझ्यासमोर धरला. आत ठासून भरलेला बर्फ.

मी मुहपत्तीआडून हात हलवला. सचित्त पाण्याचा स्पर्श सामायिकीत कसा करू? त्यांच्या लक्षात आलं. जीभ चावली, झाकण घट्ट लावलं आणि दाराशी खुर्चीत बसले. वाळूच्या घडीत वीस मिनिटं शिल्लक होती. जावई काहीतरी सांगायला आले, त्यांना ह्यांनी बोटानेच गप्प केलं. मन कुठे होतं ते विचारू नका, त्याचंही मिच्छामि दुक्कडम.

सामायिक पारली. थर्मास उघडला. वरचा बर्फ तसाच, कडेला पाणी सुटलेलं. एक बोट लावलं.

"अहो, हा माझ्या उकळलेल्या पाण्याचा थर्मास."

"माहीत आहे. दुसरा नव्हता."

"वर कसं होतं?"

"गार," म्हणाले. "आणि गर्दी फार. फोटो काढायला कोणी नव्हतं, मग जावयांनी काढले."

सूर्य अजून डोंगराच्या वर होता. मी आत जाऊन खिचडी टाकली.