गच्चीवरचे विमान

घराच्या माथ्यावरची पाण्याची टाकी ही कुणी मान वर करून पाहावी अशी वस्तू नव्हे. नळ कोरडा पडल्याखेरीज तिची आठवणही होत नाही. सतलज आणि बियास यांच्यामधल्या दोआबात मात्र या उपेक्षित वस्तूला विलक्षण भाग्य लाभले आहे. जालंधरच्या वास्तव्यात, आमच्या वस्तीच्या टोकाशी, उसाच्या शेतापलीकडल्या एका घरावर मला प्रथम विमान दिसले. पांढरेशुभ्र अंग, निळ्या खिडक्यांची रांग, शेपटीवर तांबडा पट्टा, आणि चाके गच्चीत कायमची रुतलेली.

मग नजरेला चटकच लागली. कुठे गच्चीवर पंख पसरलेला गरुड, कुठे उधळलेला घोडा. कुठे ट्रॅक्टर, कुठे आगबोट. एका घरावर तर चक्क प्रेशर कुकर. फुटबॉल पुष्कळच. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधरात आले आणि हे शहर खेळाच्या साहित्याचे झाले, हे माहीत असणाऱ्याला त्याचे नवल वाटू नये. हे सारे घडवणारे हात गावच्या मिस्त्र्यांचे. सळ्यांचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी, सिमेंटचा गिलावा आणि शेवटी झगझगीत तैलरंग. कलाशाळेचा संबंध नाही. मुंबईचे छायाचित्रकार राजेश व्होरा यांनी गावोगाव हिंडून ही शिल्पे टिपली, तेव्हा कुठे कलादालनांना त्यांचा पत्ता लागला.

चंदीगडच्या नेकचंदांनी टाकाऊ वस्तूंतून उभी केलेली सृष्टी कित्येक वर्षे जंगलात लपलेली होती. १९७६ साली ती लोकांसाठी खुली झाली. दोआबातल्या या मूर्तींचा स्वभाव नेमका उलटा. त्या दिसण्यासाठीच जन्मल्या आहेत. ट्रॅक्टर सांगतो, आम्ही जमीन कसणारे. आगबोट सांगते, आमचा पूर्वज समुद्रमार्गे गेला. आणि विमान सांगते, आमचा मुलगा परदेशी आहे.

त्या विमानाच्या घरात एक वृद्धा एकटीच राहत असे. सारा मोहल्ला तिला बीजी म्हणे. एकदा मी विचारले, "बीजी, या विमानात पाणी किती मावतं?"

ती हसली. "पाणी त्यात नाही, बेटा. पाण्याची टाकी मागल्या बाजूला आहे, काळी, प्लास्टिकची. हे मुलानं करवून घेतलं. म्हणाला, सडकेवरून दिसलं पाहिजे."

"तुम्हांला आवडतं का?"

"उन्हं कलली की त्याची सावली अंगणात पडते. मग मी खाट तिच्यात ओढून घेते. सावली सरकते, तशी खाटही सरकते."

एवढे बोलून ती उठली आणि आतून चहा घेऊन आली. आठ खोल्यांच्या त्या घरात सहा दारांना कुलपे होती.

या कुलपांचा इतिहास मोठा आहे. दोआबातली माणसे विसाव्या शतकाच्या आरंभापासून दर्यापार जात आली. १९५० नंतर ती ब्रिटनच्या ओतशाळांत आणि गिरण्यांत राबली, पुढे कॅनडात स्थिरावली. पैसा परतला, घरे उभी राहिली. माणसे मात्र पाहुण्यांसारखी येऊ लागली. कोकणातल्या वाचकाला हे दुःख अनोळखी नाही. मुंबईच्या चाकरमान्याने बांधलेले घर तिथे गणपतीपुरते उघडते. फरक इतकाच की कोकणातले घर आपले रितेपण माडांच्या आड ठेवते, आणि इथले घर ते विमानाखाली झाकते.

तरीही जाण्याची ओढ सरत नाही. जालंधरजवळ तल्हण येथील गुरुद्वाऱ्यात व्हिसासाठी नवस बोलून खेळण्यातली विमाने वाहण्याची रीत पडली, ती याच ओढीतून. आणि ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरला उतरले, १०४ भारतीयांना परत सोडून गेले. त्यांत पंजाबातले तरुण होते. प्रवासात पुरुषांच्या हातापायांत बेड्या होत्या. एजंटांना लाखो रुपये देऊन, शेते विकून, कर्ज काढून लोक या वाटेला लागतात. असा तरुण रात्री आपल्या गावी पोहोचतो, तेव्हा वाटेतल्या गच्च्यांवरची सिमेंटची विमाने त्याला काय सांगत असतील?

हौसेला मोल नसते, असे आपण मराठीत सहज म्हणतो. दोआबातल्या गच्च्या पाहिल्यावर ही म्हण मला तितक्या सहजपणे उच्चारवत नाही. मोल असते, हौस करणारा त्यातले काही फेडतो, उरलेले मागे राहणारा फेडत राहतो. म्हणून या शिल्पांना हसू नये, असे मात्र नाही. ती हसवण्यासाठीही आहेत. ज्याने परमुलखात बारा-बारा तास खाली मान घालून काम केले, त्याला आपल्या गावाची मान एकदा वर करायला लावावीशी वाटली, तर त्यात गैर काय? आपण मनमोकळे हसावे, मिस्त्रीच्या हाताला दाद द्यावी. आणि मग, दिवेलागण झाल्यावर, विमानाखालच्या किती खिडक्यांत उजेड आहे तेही पाहावे.