माझी चौकशी, मावशींची ओळख

कंपनीत लागलो तेव्हा माझं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन दीड महिना चाललं होतं. मार्कलिस्ट, जुना एचआर, अगदी घरमालकालासुद्धा फोन! का, तर मी कोड लिहिणार.

परवा भाचीला आणायला पाळणाघरात गेलो. दारात नवीन मावशी. "यांची पोलीस पडताळणी झालीये?" काकू हसल्या, "अरे, ओळखीतल्याच आहेत."

२०२० च्या पॉक्सो नियमांत पाळणाघरंही येतात. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असला तरी, ठराविक काळाने पडताळणी हवी. तेही ऐकवलं. घरी ताई चिडली, "आता पिल्लूशी नीट वागतील का त्या?"

तिचंही खरंच. याच भीतीने कोणी विचारत नाही ना... असो. सोमवारी परत विचारणार आहे.