फिडलवाल्यांच्या गोलात

एडिनबरामधली माझी एक संध्याकाळ दर आठवड्याला ठरलेली असते. ऑफिस सुटलं की व्हायोलिनची पेटी पाठीला अडकवायची आणि बसने एका प्राथमिक शाळेच्या हॉलवर जायचं. भिंतींवर मुलांनी रंगवलेली चित्रं, कोपऱ्यात जिमच्या गाद्यांची चळत आणि मधे गोलात मांडलेल्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवर निवृत्त नर्स असतात, एक बसचालक असतो, विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक असतात, नुकतं मूल झालेली एक आई असते आणि साठी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा वाद्य हातात घेतलेले दोघं-तिघंही असतात. सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, शिकवणाऱ्या बाईंनासुद्धा. माझ्या तोंडी मात्र त्या 'बाई'च राहिल्या आहेत. हा आमचा फिडल गट.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, तारा त्याच, वाजवण्याची रीत वेगळी. मी लहानपणी पुण्यात हिंदुस्थानी पद्धतीचं व्हायोलिन शिकले. घरात प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' सतत लागलेलं असायचं आणि पंडित डी. के. दातारांची मैफल बाबा सहसा चुकवायचे नाहीत. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवायचं आणि गळ्यातून निघावा तसा सूर काढायचा, ही माझी शिकवण. पुढे नोकरी, लग्न, परदेश यांत वाद्य कपाटात गेलं. या हॉलमध्ये ते पुन्हा बाहेर आलं, आणि तेही खुर्चीवर बसून, खांद्यावर आडवं धरून. आपल्याकडे व्हायोलिनचा जीव डाव्या हाताच्या बोटांत असतो, मींडेत असतो. स्कॉटिश फिडलचा जीव उजव्या मनगटात आहे. हे डोक्याला लगेच कळलं, मनगटाला कळायला फार वेळ लागला.

शिकणं सगळं कानाने. बाई आधी पूर्ण धून वाजवून दाखवतात. मग पहिला तुकडा, चार-पाच स्वरांचा. तो आम्ही वाजवायचा. पुन्हा, पुन्हा, जमेपर्यंत. मग दुसरा तुकडा, मग दोन्ही जोडून. समोर कागद नसतो. ज्याला नोटेशन हवं असेल त्याला ते वर्ग संपताना मिळतं, घरी गेल्यावर आठवण नीट राहावी म्हणून. नाचाच्या बहुतेक धुना दोन भागांच्या असतात. प्रत्येक भाग आठ बारचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) आणि दोनदा वाजवायचा, म्हणजे एकूण 32 बार. इथल्या लोकनृत्यांच्या आकृत्याही बऱ्याचशा 32 बारांतच बसवलेल्या आहेत. धून संपते तेव्हा नाचाची एक फेरी पूर्ण झालेली असते. हा हिशेब एकदा कानात बसला की तुकडा हरवला तरी आपण कुठे आहोत ते समजत राहतं.

आणि ज्याला तुकडा पकडता येत नाही? त्याने मोकळ्या तारेवर बो, म्हणजे गज, ओढत राहायचं. तो षड्ज खाली धरलेला असतो म्हणून वरची धून भरदार लागते, तेव्हा त्याचं काम कमी महत्त्वाचं मुळीच नाही. भजनी मंडळात टाळ धरणाऱ्याला कुणी 'आधी अभंग म्हणून दाखव' म्हणत नाही, तसंच हे. शिकाऊ आणि तयारीचे असे दोन वर्ग न करता सगळ्यांना एका गोलात बसवायचं, हा आमच्या गटाचा नियम मला त्यातल्या कुठल्याही धुनेइतकाच मोलाचा वाटतो. माझ्या डाव्या हाताला बसणारा बसचालक पहिला पूर्ण हिवाळा दोन मोकळ्या तारांवरच वाजवत होता. आज तो चहाच्या सुट्टीत नवख्यांना रील, म्हणजे जलद नाचाची धून, शिकवतो.

स्ट्रॅथस्पे या प्रकाराबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तो खास स्कॉटलंडचा. रील, जिग हे प्रकार आयर्लंडमध्येही आहेत. स्ट्रॅथस्पे स्पे नदीच्या रुंद खोऱ्यातला. चार मात्रांचा, रीलपेक्षा संथ, पण आतून सारखा उसळणारा. त्यात एक झटका असतो: आधी अगदी आखूड स्वर, त्याला लगटून लांब स्वर. ऐकताना सोपा वाटतो. वाजवताना बो तारेवर थांबवावा लागतो, आणि थांबल्यावरही बोच्या केसांचा दाब सुटू द्यायचा नसतो. बाई आम्हाला आधी बो खाली ठेवायला लावतात आणि तोंडाने म्हणून घेतात. गेलिक भाषेत वाद्याशिवाय, नुसत्या तोंडाने नाचाची धून गाण्याची जुनी परंपरा आहे; बाई तिचाच आधार घेतात. तोंडात बसलं की टाळी, टाळीनंतर पाय, आणि पाय पक्का झाल्यावरच बो. मग एखाद्या संध्याकाळी पंचवीस बो एकदम त्या आखूड स्वरावर आदळतात आणि लाकडी जमीन पायाखाली थरथरते.

असा बो चालवण्यासाठी नावाजलेला माणूस म्हणजे नील गो. जन्म 1727, मृत्यू 1807. पर्थशरमधल्या डंकेल्डजवळ इन्व्हर नावाच्या खेड्यात तो राहिला. अॅथलच्या ड्यूकांचा त्याला आश्रय होता, आणि खालून वर जाणाऱ्या बोमध्ये त्याची ताकद अशी की ऐकणारे थक्क व्हायचे. हेन्री रेबर्नने काढलेलं त्याचं चित्र एडिनबराच्या पोर्ट्रेट गॅलरीत आहे: चौकटीच्या कापडाची घट्ट तुमान घालून खुर्चीवर बसलेला, वाद्य छातीशी, नजर बाजूला. 1787 मध्ये कवी रॉबर्ट बर्न्स हायलंड्सच्या प्रवासात त्याला भेटला होता. बर्न्स हा इथला राष्ट्रकवी, पण त्याची कितीतरी गाणी फिडलच्या तयार धुनांवर बेतलेली आहेत, हे मला गटात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. ड्यूक ऑफ गॉर्डनचा कारभारी विल्यम मार्शल घड्याळं बनवायचा आणि फावल्या वेळात स्ट्रॅथस्पे रचायचा. त्याच्या एका स्ट्रॅथस्पेवर बर्न्सने आपल्या बायकोसाठी गाणं लिहिलं. 'ऑल्ड लँग साइन' तर जगभर गातात. ते पुढे कधी ऐकाल तेव्हा स्वर मोजून पाहा, भूपाचे पाचच लागतात. आमच्या गटात पहिल्यांदा ते वाजवलं तेव्हा माझी बोटं आपोआप बरोबर जागी पडत होती.

नील गोची एक धून आम्ही शिकलो, तिच्यामुळे माझ्या संगीताच्या समजुतीलाच धक्का बसला. त्याची दुसरी बायको मार्गारेट 1805 मध्ये वारली. लग्नाला तीस वर्षांहून अधिक काळ झाला होता, तो स्वतः अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास होता. तिच्या मृत्यूवर त्याने शोकधून रचली. मी मनाशी कोमल गंधार, कोमल धैवत धरून बसले होते. बाईंनी वाजवायला सुरुवात केली आणि एकेक स्वर शुद्ध लागत गेला. आपल्या बिलावलाचं सप्तक! एकही कोमल स्वर नसताना इतकं दुःख कुठून येतं? ते येतं वर चढण्याच्या आशेतून. धून सावकाश तारसप्तकाकडे जाते, तिथे क्षणभर रेंगाळते आणि परत येते. रडारड नाही. चांगल्या संसाराबद्दलची कृतज्ञता आहे, आणि तिच्या पोटात विरह. मी तोवर शोक म्हणजे कोमल स्वर असं समीकरण पक्कं धरून चालले होते. ते त्या संध्याकाळी सुटलं.

एका उन्हाळ्यात आमचा गट इन्व्हरला गेला. टे नदीच्या काठी एक प्रचंड ओक वृक्ष आहे. त्याच्याखाली बसून नील गो धुना रचायचा असं सांगतात. आम्ही त्या झाडाखाली तीच शोकधून वाजवली. फिरायला आलेलं एक कुटुंब थांबलं, त्यांच्यातले आजोबा टोपी काढून उभे राहिले. मग आम्ही लिटल डंकेल्डच्या चर्चच्या आवारात गेलो. गोची कबर तिथे आहे.

फिडलची ही परंपरा अखंड चालत आली असं मात्र नाही. कडव्या धर्मोपदेशकांनी नाच आणि फिडल यांना पाप ठरवलं, त्या काळात हायलंड्सच्या अनेक भागांत वाद्यं गप्प झाली. तरीही शहरांमधून लोक एकत्र येत राहिले. 'एडिनबरा स्ट्रॅथस्पे अँड रील सोसायटी' 1881 पासूनची. बँकरीचा जेम्स स्कॉट स्किनर, 'स्ट्रॅथस्पेचा राजा' म्हणवणारा, 1927 पर्यंत जगला आणि त्याचं वादन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. शेटलंड बेटांवर टॉम अँडरसनने गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून धुना गोळा केल्या आणि पोरांना शिकवल्या. त्याचा विद्यार्थी अॅली बेन पुढे जगभर वाजवत फिरला. बॅरा बेटावर 1981 मध्ये मुलांसाठी गेलिक संगीताचं शिबिर भरलं, त्याला 'फेश' म्हणतात, आणि त्यातून अशा शिबिरांची चळवळच उभी राहिली. एडिनबरात 1979 मध्ये गॉर्गी-डाल्री या कामगार वस्तीत प्रौढांसाठी एक शिक्षण प्रकल्प सुरू झाला. त्याचा पाया पाउलो फ्रेइरी या ब्राझिलियन शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांवर होता. लोकांनी काय शिकायचं ते लोकांनीच ठरवायचं. लोकांनी ठरवलेल्या गोष्टींत संगीतही होतं. आज शहरात प्रौढांना फिडलचे वर्ग सहज मिळतात, त्यामागे अशा कामाचा मोठा वाटा आहे. परंपरा टिकवायला थोर वादक लागतात हे खरंच, पण हॉलची किल्ली आणणारा आणि खुर्च्या मांडणाराही लागतो.

आणखी एक संध्याकाळ सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाई म्हणाल्या, आज खालच्या दोन तारा एकेक स्वर वर चढवा. नेहमीची जुळणी जी, डी, ए, ई अशी. जी चढवून ए केली, डी चढवून ई केली. झालं ए-ई-ए-ई. मी बो चारही तारांवरून फिरवला आणि अंगावर काटा आला. षड्ज, पंचम, षड्ज, पंचम! आपल्याकडे व्हायोलिन षड्ज-पंचमातच जुळवतात. जुन्या स्कॉटिश हस्तलिखितांत आणि शेटलंडमध्ये ही जुळणी होती, बॅगपाइपसारखा अखंड घुमणारा आधार मिळावा म्हणून. त्या दिवशी आम्ही 'ग्रेग्ज पाइप्स' नावाचा रील शिकलो. न वाजवलेल्या ताराही आपण होऊन झंकारत होत्या. चहाच्या वेळी बाईंनी मला याच जुळणीत काहीतरी आपलं वाजवायला सांगितलं. मी खुर्ची बाजूला सारली, जमिनीवर मांडी घातली आणि भूपाची छोटीशी आलापी केली. मग त्यांनी तिचा पहिला तुकडा सगळ्या गटाला कानाने शिकवला, नेहमीच्याच पद्धतीने: एकदा, दोनदा, जमेपर्यंत. मींड त्यांना अवघड गेली. त्यांचा झटका मला अजूनही थोडा अवघडच जातो.

नाताळच्या आधी आम्ही वृद्धाश्रमात वाजवायला जातो. गेल्या वेळी पुढच्या रांगेत एक आजी होत्या. परिचारिका म्हणाली, त्या महिनोन्महिने फारसं बोललेल्या नाहीत. 'मारीज वेडिंग' सुरू केलं आणि त्यांचा पाय हलू लागला. पुढच्या फेरीला ओठ हलले. तिसऱ्या फेरीला त्या पूर्ण गाणं म्हणत होत्या, शब्द न चुकता, आणि शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर ताल धरत होत्या. आम्ही थांबायच्या जागी थांबलोच नाही. आमच्यात फेरी बदलायची असली की कुणीतरी 'हप्' असं ओरडतं, त्या दिवशी कुणीच ओरडलं नाही. आम्ही वाजवत राहिलो, त्या गात राहिल्या.

अशा वेळी मला पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी आठवतात. कुणी सतार शिकली होती, कुणी व्हायोलिन, कुणी पेटी. परीक्षा दिल्या, प्रमाणपत्रं मिळाली, आणि मग वाद्याला खोळ घातली गेली. कारण आपल्याकडे शिकून झालं की एक तर मैफल करायची, नाही तर सोडून द्यायचं. मधली जागा फार थोडी. ही मधली जागा असायला हवी असं मला अगदी मनापासून वाटतं. एकट्याने रियाज करणं पन्नाशीत जड जातं; दहाजणांत बसून एक तुकडा वाजवणं जात नाही. आपल्याकडे धुनांना तोटा नाही. आरत्यांच्या चाली आहेत, ओव्या आहेत, गोव्यातली मांडो-धालोंची गाणी आहेत, भावगीतं आहेत.

म्हणून ही विनंती. तुमच्या सोसायटीचा हॉल, शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप, जे मिळेल ते आठवड्यातून एका संध्याकाळी मागून घ्या. खुर्च्या किंवा सतरंज्या गोलात मांडा, एकमेकांसमोर. ज्याला येतं त्याने चार स्वरांचा तुकडा वाजवावा, बाकीच्यांनी तो ऐकून वाजवावा, आणि ज्याला जमत नाही त्याने षड्ज धरावा. कागद शेवटी वाटा. मधे चहा ठेवाच. आणि कपाटातून व्हायोलिन काढाल तेव्हा जुन्या तारा आधी बदलून घ्या, गंजलेल्या तारेवर पहिल्याच दिवशी मन खट्टू होतं.