कापलेली तांबडी वायर



यावेळी कच्च्या पपईच्या लोणच्याबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं, ते पुढच्या वेळी नक्की. आज विषय वेगळा आहे. वाचून काहीजणी म्हणतील, या वयात ही बाई व्हिडिओ गेम काय दुरुस्त करत बसली! खरं तर मीही तसंच म्हटलं असतं.

मे महिन्यात नातू पुण्याहून आला. अकरा वर्षांचा आहे, मोबाइल हातातून सुटत नाही. दुपारी मी मुद्दाम त्याला माळा आवरायला चढवलं. सांगलीच्या गावभागात आमचं घर. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, आणि दर वेळी खालचं सामान वर गेलं ते नीट खाली आलंच नाही. त्यात त्याला एक खोकं सापडलं. आत पांढऱ्याचा पिवळा पडलेला डबा, दोन कंट्रोलर, एक प्लास्टिकची बंदूक आणि पिवळ्या कॅसेटा.

"आज्जी, हा तर फॅमिकॉम!"

खरं तर तो फॅमिकॉम नव्हता, त्याची नक्कल होती. मूळ यंत्र निन्टेंडो कंपनीनं १५ जुलै १९८३ ला जपानात विकायला काढलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आले ते बहुतेक त्याच्या नकलेचे डबे. आम्ही सगळे त्याला नुसतं "टीव्ही गेम" म्हणायचो. १९९४ च्या दिवाळीत आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, नातवासाठी आणला. आप्पांचं हळदीचं अडत दुकान. हात आखडता असायचा, पण नातवासाठी नाही.

"चालू करू या?" नातवानं विचारलं.

त्याच संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. डबा बघून तो हसला आणि म्हणाला, "तो कधीच जळलाय रे. राहू दे."

मी मान खाली घालून गवारीच्या शेंगा मोडत राहिले.

आता खरं ते सांगते. तो डबा जळला नव्हता. जून २००० मध्ये चिरंजीव दहावीत गेले आणि अभ्यास सोडून त्या डब्यासमोर बसायला लागले. ओरडून झालं, कपाटात ठेवून झालं, आप्पा काढून द्यायचे. शेवटी एका दुपारी मी शिवणाच्या मशीनचा स्क्रूड्रायव्हर घेतला, डबा उघडला आणि आतली एक तांबडी वायर कात्रीनं कापली. स्क्रू परत बसवले. संध्याकाळी सांगितलं, "रात्रभर चालू ठेवलास, गरम होऊन जळला." तो डबा खेळताना तापायचाच, त्यामुळे ते पटलं. एवढ्यावरच थांबले नाही. तो दुरुस्तीला नेणार हे ठाऊक होतं, म्हणून गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांना आधीच सांगून ठेवलं की "होत नाही" म्हणा. ते म्हणाले. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगतात: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि केलेल्याला संमती देणं. माझे पहिले दोन एकाच आठवड्यात झाले. तिसरा म्हणजे ह्यांचा, त्यांनी ऐकून नुसती मान हलवली होती.

मुलाला दहावीला चांगले गुण मिळाले. मी मनात हिशेब मिटवला आणि वही बंद केली.

आणि आता नातवानं तोच स्क्रूड्रायव्हर मागितला.

चार स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं, आणि तो दोन मिनिटांत म्हणाला, "आज्जी, ही वायर जळलेली नाही. कापलेली आहे."

मी म्हटलं, "उंदरानं कुरतडली असेल."

बघा, पंचवीस वर्षांनी तिसरं खोटं, आणि तेही त्या बिचाऱ्या मुक्या जिवावर आळ घेऊन. नातू वायरीकडे बघत म्हणाला, "उंदीर इतकं सरळ कापतो?" मी चहा टाकायला उठले.

पुढे दहा दिवस आम्ही दोघांनी त्या डब्यामागं घालवले. दुरुस्तीचं काम मला मनापासून आवडलं हे कबूल करते. वायर जोडणं सगळ्यांत सोपं निघालं. सोल्डरिंगची २५ वॅटची काडी आणली, वायरीची टोकं सोलली, पीळ दिला, सोल्डर वितळवून ओतलं. मेंदीचा कोन धरता येतो तिला हे जड नाही, फक्त बोट भाजतं. माझं भाजलं.

अडॅप्टर मात्र मेला होता. नवा ९ व्होल्टचा आणला आणि लावणार तोच नातू ओरडला, "थांब! प्लस-मायनस बघ." मूळ फॅमिकॉमला आतली बाजू वजा आणि बाहेरची अधिक लागते, आमच्या डब्यावरही तीच खूण होती. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांचं उलट असतं. मी बी. कॉम. झालेली, दुकानाच्या वह्या अजून लिहिते, जमा आणि नावे उलटं पडलं तर काय होतं ते मला कळतं. इथं तर यंत्रच जातं. दुकानात परत जाऊन योग्य तो आणला.

आत तीन पायांचा एक छोटा भाग आहे, ७८०५ नावाचा. आलेले ९ व्होल्ट उतरवून तो यंत्राला ५ देतो. वरचे सगळे उष्णता होऊन जातात, म्हणून त्याला पत्र्याचा तुकडा जोडलेला असतो. म्हणजे डबा तापणं हा बिघाड नव्हताच, ते त्याचं रोजचं काम होतं. हे कळलं तेव्हा मला जास्तच लागलं, कारण त्याच तापण्याचा आधार घेऊन मी मुलाला गप्प केलं होतं.

तांबडा दिवा लागला. पडद्यावर मात्र नुसता करडा रंग.

मग कॅसेटा. पूर्वी मुलं काय करायची आठवतंय ना? कॅसेट काढायची, खालून जोरात फुंकायची, परत घालायची. चालायचीसुद्धा! पण चालायची ती फुंकण्यानं नाही, काढून परत घातल्यानं पिना नीट टेकायच्या म्हणून. फुंकेतल्या ओलाव्यानं उलट त्या पट्ट्या गंजतात. आमच्या कॅसेटांवर पोराची फुंक आणि दोन पुरांची दमट हवा, दोन्हीचे थर होते. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पट्ट्या, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं अगदी हलक्या हातानं पुसायचं. जोर लावला तर वरचा मुलामाच जातो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी बुडवून दोन्हीकडून फिरवायची आणि पूर्ण वाळू द्यायची. मेडिकलमधून ती बाटली आणली तर लेबल वाचून ह्यांच्या भुवया वर गेल्या. "आता हेच बाकी होतं," म्हणाले.

कानकाडी काळी निघाली, दुसरी काळी, तिसरी करडी. सातवी पांढरी राहिली.

एक कॅसेट काही केल्या चालली नाही. आत चिपच्या जागी काळ्या डांबराचा थेंब असतो, तो उघडून काही करता येत नाही. ती बाजूला ठेवली. दुसरीवर लिहिलं होतं "९९९९९९ इन १". मी वही घेऊन बसले आणि एकेक खेळ तपासला. तेच तेच खेळ वेगळ्या नावांनी परत परत घातलेले. मोजून सात निघाले! कुठल्याही ऑडिटरनं असा स्टॉक पास केला नसता.

त्या सातांत मारिओ होता. मूळ सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा, आणि तो सगळा खेळ केवढ्या जागेत मावलाय माहीत आहे? ४० केबी. सकाळी सकाळी ग्रुपवर येणारा गुलाबाच्या फुलाचा एक फोटो याहून मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी काय केलंय, आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. नातवानं दाखवलं तेव्हा मी हसतच सुटले. सकाळच्या उरलेल्या भाताला संध्याकाळी फोडणी देणाऱ्या बाईला हे लगेच कळतं.

बंदुकीवरून मात्र आमचं वाजलं. बदकं मारायचा खेळ, डक हंट. १९९४ मध्येच मी ती बंदूक बंद केली होती आणि मुलाला यशोधर राजाची गोष्ट सांगितली होती. तुम्हाला ती माहीत असेलच: खरा जीव नको म्हणून राजानं पिठाचा कोंबडा करून बळी दिला, पण मनात मारण्याचा भाव होता, म्हणून किती जन्म पशुयोनीत फिरावं लागलं. पडद्यावरचं बदक पिठाच्या कोंबड्यासारखंच, असं माझं म्हणणं. ते मत अजून बदललेलं नाही.

नातवानं सगळं ऐकून घेतलं आणि बंदुकीचं तोंड माझ्याकडे करून म्हणाला, "पण आज्जी, हिच्यातून काही बाहेर जातच नाही." मग समजावलं. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि जिथं बदक असेल तिथं पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या तोंडात उजेड ओळखणारा भाग असतो. त्याला तो पांढरा उजेड दिसला तर बदक पडलं. म्हणजे ती मारत नाही, बघते. जुन्या डबा टीव्हीवर हे क्षणात होतं, आताच्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, त्यामुळे नेम लागतच नाही. वाद तिथंच मिटला. बंदूक खोक्यात गेली.

जूनमध्ये नातू गेला. जाताना म्हणाला, "पप्पांना सांगू का उंदराचं?" मी म्हटलं, "मी सांगते."

सांगायला सप्टेंबर उजाडला. रोज फोन व्हायचा आणि रोज राहायचं. दशलक्षण पर्व सुरू झालं, तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. मंदिरात प्रवचनात सरळपणावर बोलणं चाललं होतं, मनात एक आणि तोंडात एक नको, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती सरळ कापलेली वायर. यशोधराच्या गोष्टीतही पिठाच्या कोंबड्याचा आग्रह आईनंच धरला होता, चंद्रमतीनं. इतकी वर्षं ती गोष्ट सांगितली पण ती आई माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती.

घरी येऊन फोन लावला. सगळं सांगितलं, रेडिओवाल्या काकांसकट.

तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटलं हसेल, एवढी जुनी गोष्ट.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हता जळला?" त्यानं विचारलं.

"नाही रे."

"त्या वर्षी क्षमावाणीला मी आप्पांसमोर हात जोडून रडलो होतो, आई. तुम्ही हौसेनं आणलात आणि मी जाळला म्हणून. तू तिथंच उभी होतीस."

मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं. त्या दिवशी घरात माणसांची रीघ असते, सगळेच एकमेकांना हात जोडत असतात, मी चहाचा ट्रे घेऊन फिरत असणार. पोरगा पंधरा वर्षांचा, आप्पांच्या पायाशी, आणि मी आतबाहेर करतेय. आप्पा २००७ मध्ये गेले. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. पुढे त्यांनी त्याला दुसरा गेम आणतो म्हटलं तेव्हा तो "नको, मी मोडतो वस्तू" म्हणाला होता, हे मात्र मला आठवतं. शहाणा झाला म्हणून तेव्हा मी शेजारणीला कौतुकानं सांगितलं होतं.

"क्षमा कर," मी म्हटलं. रोज शंभर वेळा उच्चारायचा शब्द, पण त्या दिवशी घशातून निघेना.

"बघू," तो म्हणाला. मग, "ठेवतो आता, मीटिंग आहे."

त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी त्याचा मेसेज आला, हात जोडलेल्या चित्राचा, सगळ्यांना पाठवतात तोच.

दिवाळीत आले सगळे. पहिल्या दिवशी तो विषय नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आतून बघते तर बापलेक जमिनीवर मांडी घालून बसलेले आणि मारिओ चाललेला. दुसऱ्या टप्प्यात, जिथं खेळ जमिनीखाली जातो, तिथं त्यानं मारिओला सरळ छताच्या विटांवर चढवलं आणि वरून पळवत नेलं, थेट पुढच्या जगांत जाणाऱ्या नळांपर्यंत. नातू तोंड उघडं टाकून बघत होता. इतक्या वर्षांनंतर त्याची बोटं विसरली नव्हती.

सूर्य मावळायला वीस मिनिटं होती, पानं घेतली होती. मी हाक मारली नाही. दारात उभी राहिले.

"आई," तो मागं न बघता म्हणाला, "दुसऱ्या कंट्रोलरचं डावं बटण लागत नाही."

"आतलं रबर पुसायचं राहिलंय," मी म्हटलं, आणि स्क्रूड्रायव्हर आणायला गेले.