सांध्याचा प्रश्न

कोणतीही वस्तू प्रत्यक्षात येण्यापूर्वी कोणाच्या तरी मनात आकार घेते. त्या पहिल्या आकारालाच संकल्पना म्हणतात. संकल्पना म्हणजे रेखाचित्र नव्हे. रेखाचित्र नंतर येते. त्याआधी यावा लागतो तो प्रश्न. भिलाईत तयार होणारा रेल्वेचा रूळ याची साक्ष देतो.

छत्तीसगडमधील भिलाई येथे सोव्हिएत संघाच्या सहकार्याने पोलाद कारखाना उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. 1960 पासून तेथे रूळ घडू लागले. त्या काळी रुळाची प्रचलित लांबी 13 मीटर असे. म्हणजे एका किलोमीटरच्या मार्गात, दोन्ही बाजूंचे मिळून, दीडशेहून अधिक सांधे येत. प्रवाशांना परिचित असलेली आगगाडीची ‘खडखट्’ ही त्या सांध्यांचीच बोली होती. प्रवाशाला ती गोड वाटे. पण तिच्या प्रत्येक ठोक्यासरशी चाकाचा आघात रुळाच्या टोकावर बसत असे. तेथेच रूळ झिजे, जोडपट्टीचे बोल्ट सैल होत आणि तडा जाण्याचे भयही तेथेच अधिक असे. उन्हापावसात मार्ग तपासत चालणाऱ्या कामगाराची नजर म्हणूनच सांध्यावर खिळलेली असे.

मग सांधा अधिक मजबूत करावा काय? हा झाला पहिला विचार. दुसरा विचार अधिक खोल होता : सांधाच नसला तर?

परंतु सांध्यातील फट निष्कारण नव्हती. तापमान 40 अंशांनी वाढले, तर 13 मीटरचा मोकळा रूळ सुमारे 6 मिलिमीटर वाढतो. 260 मीटरचा रूळ त्याच हिशेबाने 12 सेंटिमीटर वाढेल. त्याला जागा मिळाली नाही, तर तो वाकेल आणि गाडी घसरेल. येथे संकल्पनेची खरी कसोटी लागली.

उत्तर गावच्या लोहाराच्या अनुभवाजवळचे होते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून बसवली की ती निवताना आक्रसू पाहते. पण लाकूड तिला आक्रसू देत नाही. हा ताण पोटात ठेवूनच ती चाकाला घट्ट धरून राहते. लांब रुळाचेही तसेच. उन्हाळा व हिवाळा यांच्या मधल्या तापमानात तो बसवतात आणि अडीचशे किलोंहून अधिक वजनाचे काँक्रीटचे स्लीपर, पकडी व खडी यांनी जखडून ठेवतात. प्रसरणाची ओढ नाहीशी होत नाही. ती रुळाच्या अंगातच पेलली जाते.

आज भिलाईत 130 मीटर लांबीचे अखंड रूळ घडतात आणि ते जोडून 260 मीटरचे पट्टे तयार होतात. मार्गावर नेल्यावर त्यांचीही टोके वितळवून एकजीव करतात. एवढा लांब पट्टा अनेक वाघिणींवर आडवा ठेवून नेतात, तेव्हा वळणावर ते कठीण पोलाद गाडीबरोबर अलगद वळते.

शिंपी असो, सुतार असो वा अभियंता. आराखडा हाती घेण्यापूर्वी प्रत्येकाने ही वस्तू कोठे दुखावते, हे शोधावे. जी अडचण टाळता येत नाही, ती कोण आणि कशी पेलणार, हेही ठरवावे. उत्तम संकल्पना बहुधा दिसत नाही. रात्रीच्या गाडीत निश्चिंत झोपलेल्या प्रवाशाला नाहीसा झालेला सांधा कोठे आठवतो?