ट्रॉय : कॉलरींचें गांव

ट्रॉय म्हटलें कीं होमराचें महाकाव्य, हेलन आणि तो लांकडी घोडा हींच कोणासही आठवावयाचीं. मीं गेल्या वर्षीं पाहिलेलें ट्रॉय मात्र अमेरिकेंत, न्यूयॉर्क राज्यांत, हडसन नदीच्या पूर्व तीरावर आहे. 1789 सालीं तेथील रहिवाशांनीं गांवास हें पुराणप्रसिद्ध नांव दिलें. पण पुढें त्याची ख्याति झाली ती युद्धामुळें नव्हे, तर पुरुषांच्या गळ्याभोंवतालच्या दोन बोटें रुंद पट्टीमुळें. आमची कन्या व जामात आल्बनीस असतात. तेथून मोटारीनें अर्ध्या तासाची वाट. ज्या पुलावरून आम्ही नदी ओलांडली त्याचें नांवच मुळीं ‘कॉलर सिटी ब्रिज’!

तरुण वाचकांस हें थोडें उलगडून सांगावयास हवें. एके काळीं सदऱ्याची कॉलर सदऱ्यास शिवलेली नसे. ती निराळी, खळ देऊन पुठ्ठ्यासारखी ताठ केलेली असे, व मागें एक आणि पुढें एक अशा दोन बटणांनीं सदऱ्याच्या पट्टीस अडकवीत. सदरा चार दिवस अंगावर राहिला तरी कॉलर रोज नवी, म्हणजे मनुष्य रोज स्वच्छ! कंठभूषणास अमरकोशांत ‘ग्रैवेयक’ असा शब्द आहे. या आभूषणास तो शोभला असता, फक्त मान वळवितां आली असती तर.

ही युक्ति ट्रॉयमधील हॅना मॉन्टेग्यू या गृहिणीनें 1827 सालीं काढली असें सांगतात. पतीच्या सदऱ्याची केवळ कॉलर मळते आणि धुवावा मात्र सबंध सदरा लागतो, यास कंटाळून तिनें कॉलरी कापून काढल्या, धुतल्या व पुन्हा टांचल्या. पुढें एबेनेझर ब्राउन नांवाच्या निवृत्त धर्मोपदेशकानें त्या करून विकण्यास आरंभ केला, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीं अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या दहांतील नऊ कॉलरी ट्रॉयच्या असत असें म्हणतात. क्लुएट पीबॉडी कंपनीची ‘ॲरो’ कॉलर व 1905 पासून लायेंडेकर या चित्रकारानें तिच्या जाहिरातींसाठीं रंगविलेले ते रुबाबदार पुरुष सर्वतोमुखीं झाले. पहिल्या महायुद्धांत सैनिकांस मऊ कॉलरीची संवय लागली, ते घरीं परतले, आणि ताठ कॉलरीचे दिवस भरले. कंपनी सदऱ्यांकडे वळली. कापड आटूं नये म्हणून सॅनफोर्ड क्लुएट यांनीं जी क्रिया शोधली तीच ‘सॅनफोराइज्ड’. हा छाप आपल्याकडील गिरण्यांच्या कापडावर माझ्या पिढीनें पुष्कळ पाहिला आहे.

मला मात्र खरी ओढ होती ती आठव्या रस्त्यावरील एका साध्या, तीन मजली विटांच्या घराची. केट मुलॅनी या आयरिश मुलीच्या कुटुंबानें तें 1869 त बांधलें. घरांतील हौसेचा शोध आतां सार्वजनिक परिटघरांत गेला होता. तेथें स्त्रिया दिवसास बारा ते चौदा तास उकळतें पाणी, सोड्याची तीव्र द्रावणें व तप्त इस्त्र्या यांमध्यें उभ्या राहत. आठवड्याची मिळकत तीन-चार डॉलर. खळ चढविण्याच्या नव्या यंत्रांनीं तर हात अधिकच भाजत. 1864 च्या फेब्रुवारींत केटनें सुमारें तीनशें जणींचा संघ करून काम बंद पाडलें. तिचें वय तेव्हां एकोणीसच्या आसपास. आठवडा उलटण्यापूर्वींच मालकांनीं मजुरी शेंकडा पंचवीस वाढविली. दोन वर्षांनीं या बायकांनीं गांवांतील लोखंड ओतणाऱ्या संपकरी कामगारांस एक हजार डॉलर दिले! 1869 चा संप मात्र फसला, संघ मोडला. आज तें घर राष्ट्रीय स्मारक आहे.

घरासमोर उभा असतां मला आमच्या माजघरांतील फडताळ आठवलें. आजोबा जिल्हा कोर्टांत वकील. वकिलांच्या पोषाखांत पांढरी कॉलर आजही आहे, पण ती ‘ताठ किंवा मऊ’ चालते. आजोबांस मऊ चालत नसे. परिटाची इस्त्री त्यांस पसंत पडेना, म्हणून तें काम आजीकडे आलें. पहांटे ती भाताची पेज गाळी, कॉलर तींत बुडवी व निखाऱ्यांच्या इस्त्रीनें कांचेसारखी तुकतुकीत करी. आम्हांस ‘पांढरपेशे’ म्हणतात. त्या पेशाचा पांढरेपणा घरांत कोण उत्पन्न करी, हें माझ्या ध्यानीं साठी उलटेपर्यंत आलें नाहीं.

आजोबांच्या पश्चात् त्यांचा पत्र्याचा डबा मीं लहानपणीं उघडला होता. आंत सहा कॉलरी. एकीवर आंतील अंगास इस्त्रीचा तपकिरी डाग. ती कॉलर वर धरून मीं आजीस विचारलें. आजी म्हणाली, “ती तुझ्या आजोबांनीं कधीं घातली नाहीं हो. पण टाकवेना मला. सबंध सकाळ गेली होती तिच्यापायीं.” असें म्हणून तिनें ती माझ्या हातून घेतली. तिच्या उजव्या आंगठ्यावर जुना, पांढुरका व्रण होता. तो कशाचा, हें विचारावयाचें मला सुचलें नाहीं.

“बाबा, थंडी वाढतेय, चला आतां,” असें कन्या म्हणाली, तेव्हां आम्ही परत फिरलों.